थाळीफेक कधी दाखवणार?

परदेशात राहायला गेलेल्या माणसाने तिथली भाषा शिकावी, कर वेळेवर भरावा, बर्फावर न घसरणारे बूट घ्यावेत. तिथल्या खेळाडूंच्या नादी मात्र लागू नये. देश लिथुएनिया असेल तर मुळीच नाही.

नोकरीसाठी विल्नियसला आलो तेव्हा इथल्या लोकांनी मला एक सोपं, सरळमार्गी व्यसन देऊ केलं होतं: बास्केटबॉल. बास्केटबॉलला इथे दुसरा धर्म म्हणतात, आणि पहिला कोणता असं विचारलं तर माणसं जरा विचारात पडतात. पण ज्या खेळात दर अर्ध्या मिनिटाला कोणीतरी गुण मिळवतो, त्यात नेमकं कधी खूश व्हायचं हे मला कळेना. मी कसोटी क्रिकेटवर वाढलेला. सकाळी सामना लावावा, आंघोळ करावी, जेवावं, थोडं आडवं व्हावं, उठून पाहावं तर तेच दोघं खेळतायत. मला वाटलं, ॲथलेटिक्स आणि पोहणं त्यातल्या त्यात झेपेल. घरमालकीणबाईंनीही आगीत तेल ओतलं.

या आजी निवृत्त शिक्षिका, आमच्याच इमारतीत खाली राहतात. त्यांच्याकडे एक वही आहे. तिची सुरुवात 1980 च्या मॉस्को ऑलिंपिकपासून. तिथे पोहण्यात, 200 मीटर ब्रेस्टस्ट्रोकमध्ये, बायकांचं सुवर्ण लिना काचुशितेने घेतलं आणि पुरुषांचं रोबेर्तास झुल्पाने. दोघंही लिथुएनियाचे, पण झेंडा सोव्हिएत. "पोरं आमची, गाणं त्यांचं," असं आजी सांगतात. पुढच्या पानावर 1992, बार्सिलोना, थाळीफेक, रोमास उबार्तास. स्वतंत्र लिथुएनियाचं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण. ते पान दाखवताना त्या चष्मा पुसतात. अशा बाईला "मला खेळांत रस नाही" असं कोण सांगणार? शिवाय भाडंही त्याच ठरवतात.

तर थाळीफेक. थाळी दोन किलोची, वर्तुळ अडीच मीटर व्यासाचं. खेळाडू आत येतो, पाठमोरा उभा राहतो, दीड गिरकी घेतो आणि थाळी सोडतो. सगळा कारभार दीड-दोन सेकंदांचा. अंतिम फेरीत बाराजण, प्रत्येकी तीन फेका, मग पुढे असलेल्यांना आणखी तीनपर्यंत. म्हणजे पाहायला भरपूर. फक्त ते दाखवायला हवं.

टीव्हीवर ॲथलेटिक्स दाखवणाऱ्या माणसाची अशी ठाम समजूत असते की ॲथलेटिक्स म्हणजे धावणं. दहा हजार मीटरची शर्यत सुरू झाली की कॅमेरा सत्तावीस मिनिटं त्या घोळक्याची पाठ सोडत नाही. जसे काही ते कुठे पळून जाणार आहेत! पंचवीस फेऱ्या आहेत. पंचवीस वेळा तिथेच येणार आहेत. तेवढ्यात मैदानाच्या कोपऱ्यात, जाळीच्या पिंजऱ्यात आमचा माणूस उभा आहे हे फक्त आम्हाला आणि त्याच्या आईवडिलांना ठाऊक. मग समालोचक एकदम आठवल्यासारखं म्हणतो, "दरम्यान थाळीफेकीत..." आणि दहा मिनिटांपूर्वीची फेक संथ गतीने दाखवतो. मोबाइलवर निकालाचा आकडा त्याच्या आधीच आलेला असतो. त्यामुळे मी थाळीफेक बघतो असं म्हणणं धाडसाचं आहे. मी बघतो ते एका रिकाम्या चौकटीकडे, तिथे आकडा उमटेपर्यंत.

लोकसंख्येचाही एक जाच आहे. साऱ्या देशाची मिळून 28-29 लाख माणसं. 2011 च्या जनगणनेत एकट्या पुणे शहराची याहून जास्त भरली होती. त्यामुळे अंतिम फेरीत आपला माणूस असतो तो बहुधा एकच. तो बाद झाला की मग बघायला दुसरा कोणी नाही. मोठ्या देशांच्या चाहत्यांना ही चैन असते की एक घसरला तर दुसरा आहे, दुसरा आजारी पडला तर रिले आहे. आमच्याकडे एकदा पेटी बंद झाली की बंद.

7 ऑगस्ट 2024 ला, पॅरिसमध्ये, सगळं जुळून आलं होतं. पुरुषांचा पाच जणांचा बास्केटबॉल संघ ऑलिंपिकला पात्रच ठरला नव्हता, त्यामुळे देशाची नजर मोकळी होती. रात्री साडेनऊच्या सुमाराची वेळ, म्हणजे माणसासारखी वेळ. आमच्या घरी चारजण जमले. काळ्या पावाच्या तळलेल्या काड्या, त्यावर लसूण चोळलेला, वरून चीज. इथे बिअरबरोबर हेच लागतं. आजी स्वतःची खुर्ची घेऊन वर आल्या.

मैदानात मिकोलास अलेक्ना, वय वर्षं 21. त्याचे वडील विर्गिलियुस अलेक्ना. सिडनी आणि अथेन्स, दोन्हीकडचं थाळीफेकीचं सुवर्ण त्यांच्याकडे. अथेन्समधली त्यांची 69.89 मीटरची फेक वीस वर्षं ऑलिंपिक विक्रम म्हणून उभी होती. मिकोलासने दुसऱ्याच फेरीत 69.97 टाकली. बापाचा विक्रम पोराने आठ सेंटिमीटरने मोडला, घरातली गोष्ट घरातच राहिली. आम्ही ग्लास उंचावले. आजींनी उंचावला नाही. "अजून चार फेऱ्या आहेत," त्या म्हणाल्या.

चौथ्या फेरीत जमैकाच्या रोजे स्टोनाने 70.00 मीटर टाकली. आयुष्यातली त्याची सर्वांत लांब फेक, आणि नेमकी त्याच रात्री सुचली. ज्या देशात पाच वर्षांचं पोरसुद्धा शंभर मीटर धावतं म्हणतात, तिथल्या माणसाने धावायचं सोडून थाळी उचलावीच कशाला?

तीन सेंटिमीटर. खोलीत कोणी बोलेना. मग प्रत्येकजण अंगठा आणि तर्जनीत अंतर धरून दुसऱ्याला दाखवू लागला. बायकोने शिवणाच्या डब्यातून टेप आणला आणि टेबलावर मोजून दाखवलं. कोणाचंच बोटांतलं अंतर बरोबर नव्हतं. आजींनी तेवढ्यात वही उघडून 2017 चं पान काढलं. लंडनच्या जागतिक स्पर्धेत आंद्रियुस गुद्झियुसने 69.21 टाकून सुवर्ण घेतलं होतं, आणि स्वीडनच्या डॅनियल स्टोलची फेक होती 69.19. "तेव्हा दोन मिळाले होते, आज तीन गेले," आजी म्हणाल्या. "एकाचं नुकसान."

विश्वविक्रमाची कथा आणखी वेगळी. थाळीला समोरून येणारा वारा लागतो. तो तिला खालून उचलून धरतो, आणि या प्रकारात वाऱ्याला मर्यादेचा नियमही नाही. त्यामुळे जगातले चांगले चांगले थाळीफेके एप्रिलमध्ये अमेरिकेत, ओक्लाहोमा राज्यातल्या रामोना नावाच्या गावाकडे जातात. आजूबाजूला मोकळं रान आणि वारा, एवढंच तिथलं भांडवल. पूर्व जर्मनीच्या युर्गेन शुल्टने 1986 मध्ये केलेला 74.08 चा विक्रम तोवर कोणाला हलवता आला नव्हता. थोरल्या अलेक्नांनी 2000 साली लिथुएनियातच, काउनासला 73.88 टाकली, वीस सेंटिमीटर कमी पडले. धाकट्याने 14 एप्रिल 2024 ला रामोनात 74.35 टाकून अडतीस वर्षांचा हिशेब मिटवला. मला स्पर्धा आहे हेच ठाऊक नव्हतं. सोमवारी सकाळी आजी जिन्यात भेटल्या, माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता वर्तमानपत्र माझ्या हातात दिलं. घरभाडं थकल्यावरही कोणी इतक्या पडेल चेहऱ्याने पाहत नाही.

पुढच्या एप्रिलमध्ये मी तयारीत होतो. मिकोलासने पहिल्याच फेकीला 74.89 टाकली. नवा विश्वविक्रम! मी उठलो, आजींना फोन केला, ऑफिसातल्या एका मित्राला केला, तो बास्केटबॉल बघत होता तरी त्याला सगळं सविस्तर सांगितलं. मी फोनवर विक्रमाचं वर्णन करत असताना त्याने 75.56 टाकली. म्हणजे मी ज्या विक्रमाची बातमी देत होतो तो तोपर्यंत मोडलेला होता.

आणि इतकं करून मोठ्या स्पर्धेत काय? बंदिस्त स्टेडियमात तो रानातला वारा नसतो. जागतिक स्पर्धांत 2022 ला युजीनमध्ये रौप्य, 2023 ला बुडापेस्टमध्ये कांस्य. 2025 ला टोकियोत अंतिम फेरी आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले. त्या दिवशी कॅमेरा अखेर आपणहून थाळीफेकीच्या वर्तुळावर येऊन थांबला, तर तिथे माणसं जमीन पुसत होती. पुसायची, पाऊस यायचा, पुन्हा पुसायची. वर्षानुवर्षं ज्या दृश्यासाठी मी टीव्हीसमोर बसलो, ते मिळालं तेव्हा त्यात थाळीच नव्हती. सुवर्ण स्टोलने नेलं, आमच्याकडे पुन्हा रौप्य.

पोहण्याचा त्रास नेमका उलटा. तिथे सगळं दाखवतात, पण ते बघेपर्यंत संपतं. रुता मेलुतितेने 2012 ला लंडनमध्ये वयाच्या पंधराव्या वर्षी 100 मीटर ब्रेस्टस्ट्रोकचं सुवर्ण घेतलं, 1:05.47 वेळ, दुसरीपेक्षा आठ शतांश सेकंदांनी पुढे. ते निदान मिनिटभर तरी चाललं. पण हल्ली तिची खरी हुकमत 50 मीटरवर. 2022, 2023, 2024, तिन्ही जागतिक स्पर्धांचं सुवर्ण तिचं. 2023 ला फुकुओकात 29.16 सेकंदांचा विश्वविक्रम. एकच लांबी, वळणं नाहीत, दम खाणं नाही. मी चष्मा शोधून डोळ्यांवर चढवीपर्यंत ती भिंतीला हात लावून टोपी काढत असते. त्यातून पूर्व आशियातल्या स्पर्धांच्या अंतिम फेऱ्या संध्याकाळी, म्हणजे आमच्याकडे दुपारी दोनला, ऐन ऑफिसात.

त्यातली एक दुपार मी विसरू शकत नाही. जुलै 2019, ग्वांग्जू, 200 मीटर फ्रीस्टाइल, पानेवेझिसचा दानास राप्शिस. मी मोबाइल टेबलाखाली मांडीवर धरलेला, चेहरा मीटिंगमध्ये असल्यासारखा, मीटिंगही चालूच. राप्शिस शेवटच्या लांबीत मुसंडी मारून पुढे आला आणि तेवढ्यात पडद्यावर 'आई' असं नाव उमटलं. आमचे दोन म्हणजे साताऱ्यात साडेचार, तिची चहाची वेळ. मी फोन कापला. ती घाबरली, तिने परत केला. मी परत कापला. चित्र आलं तेव्हा राप्शिस सर्वांत आधी भिंतीला लागला होता, 1:44.69, आणि पाण्यात मुठी आपटत होता. मी टेबलाखालीच एक मूठ वळली. मग फलकावर त्याच्या नावापुढे बाद असं आलं. सुरुवातीच्या ठोकळ्यावर उभा असताना तो हलला होता. लिथुएनियाने दाद मागितली, ती फेटाळली. सुवर्ण चीनच्या सुन यांगला. पुढचे दोन दिवस जगाने चर्चा केली ती ब्रिटनच्या डंकन स्कॉटने सुन यांगशी हस्तांदोलन कसं टाळलं याची. पहिला कोण आला होता हे कोणी विचारेना.

मी बाहेर जाऊन आईला फोन लावला.

"काय झालं रे? फोन का कापतोस?"

"अगं, शर्यत होती. आमचा पहिला आला, पण त्याला काढून टाकलं."

"का?"

"उभा असताना हलला म्हणून."

"अरे, उभा माणूस हलणारच की," आई म्हणाली. "फोटो काढत होते का त्याचा?"

मी तिला समजावून सांगू शकलो नाही, कारण मलाही ते समजलं नव्हतं. लंडनमध्ये मेलुतितेच्या त्याच सुवर्णाच्या शर्यतीत सुरुवातीचं यंत्र बिघडलं आणि एका अमेरिकन मुलीने सगळ्यांच्या आधी चक्क पाण्यात उडी मारली होती. दोष यंत्राचा म्हणून तिला माफ केलं, शर्यत पुन्हा लावली. ते न्याय्यच होतं. पण यंत्राला असतं तेवढं तरी नशीब आमच्या राप्शिसला असायला काय हरकत होती?

आजींना यातलं काही नवीन नाही. त्यांच्या वहीतली सगळी अलीकडची पानं पेन्सिलीने लिहिलेली आहेत. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, निकाल मैदानात लागत नाही, मग शाईने कशाला लिहायचा? 2004 ला अथेन्समध्ये थोरले अलेक्ना मैदानात दुसरे आले होते. पहिल्या आलेल्या हंगेरीच्या रॉबर्ट फाझेकासने उत्तेजक चाचणीसाठी नमुना नीट दिला नाही म्हणून त्याला बाद केलं आणि सुवर्ण अलेक्नांकडे आलं. ऑस्त्रा स्कुयिते 2012 ला लंडनमध्ये हेप्टॅथलॉनमध्ये, म्हणजे सात प्रकारांच्या एकत्र स्पर्धेत, पाचवी आली. पुढे वरच्या दोघी उत्तेजकांपायी बाद झाल्या, आणि बऱ्याच वर्षांनी पाचवीची तिसरी झाली. आजींच्या वहीत त्या ओळीवर पाचाचा आकडा खोडून तीन केलेला आहे, आणि खोडरबराने कागद इतका झिजलाय की मागच्या पानावरचं बुद्धिबळ वाचता येतं. राप्शिसच्या ओळीवर एक आहे, त्यावर काट आहे, आणि शेजारी बारीक अक्षरात "बघू".

आता माझी नजर 2028 वर आहे. 50 मीटर ब्रेस्टस्ट्रोक लॉस एंजेलिसला पहिल्यांदाच ऑलिंपिकमध्ये येतोय. विल्नियस आणि लॉस एंजेलिसमध्ये उन्हाळ्यात दहा तासांचा फरक. तिथल्या संध्याकाळी सहाच्या अंतिम फेरीसाठी इथे पहाटे चारला उठायचं, तेही तीस सेकंदांसाठी. बायकोने आधीच सांगून टाकलंय की तिला उठवायचं नाही, आणि ओरडायचंही नाही. मग एकदा सहज हिशेब केला तेव्हा लक्षात आलं की त्याच वेळी साताऱ्यात सकाळचे साडेसहा वाजलेले असतील. म्हणजे लिथुएनियाचं पोहणं बघायची जगातली सर्वांत सोयीची जागा आमचं साताऱ्याचं घर आहे. मी लगेच आईला फोन करून जुलै 2028 मध्ये येतोय असं कळवलं.

"ये की," ती म्हणाली. "दूध जास्त घेऊन ठेवीन. पण तो हलणारा मुलगा त्यात असला, तर त्याला कुणीतरी आधी सांगून ठेवा म्हणावं."