सहा डिसेंबरचे पाच क्रिकेटपटू आणि ‘कोट्यवधींत एक’चा हिशेब

रवींद्र जडेजा, जसप्रीत बुमराह, श्रेयस अय्यर, करुण नायर आणि आर. पी. सिंग हे पाचही जण ६ डिसेंबरला जन्मले. त्या दिवशी फिरणाऱ्या मजकुरातला एवढा भाग खरा आहे. पुढे मात्र म्हटलेलं असतं, की दोघांचा वाढदिवस एकच असण्याची शक्यता ३६५ गुणिले ३६५, म्हणजे १,३३,२२५ मध्ये एक. तिघांची पावणेपाच कोटींहून अधिकांत एक. तेव्हा हा योगायोग नाही, त्या तारखेतच काही योग आहे. शिकलेसवरलेले लोकही हे बिनदिक्कत पुढे पाठवतात, म्हणून मुद्दे घेतो.

पहिली चूक गुणाकारातच आहे. १,३३,२२५ हा आकडा येतो तो तारीख आधीच ठरवली असेल तर. प्रत्यक्षात आपल्याला कुठलीही तारीख चालते. पहिल्याची जी असेल तिच्याशी दुसऱ्याची जुळली की झालं: ३६५ मध्ये एक. तिघांसाठी १,३३,२२५ मध्ये एक.

दुसरी चूक त्याहून मोठी, जोड्या न मोजण्याची. २३ जण असले तर पहिल्याच्या इतरांशी २२ जोड्या, दुसऱ्याच्या उरलेल्यांशी २१, असं करत एकूण २५३ जोड्या होतात. आता कुणाचीच तारीख जुळू नये असं म्हटलं, तर दुसऱ्याला ३६५ पैकी ३६४ तारखा मोकळ्या, तिसऱ्याला ३६३, तेविसाव्याला ३४३. हे सगळे अपूर्णांक गुणले की ०.४९३ उरतात. म्हणजे जुळण्याची शक्यता ५०.७ टक्के! ४० जणांत ती ८९ टक्के, ६० जणांत ९९ टक्क्यांच्या वर. २०१४ च्या फुटबॉल विश्वचषकात ३२ संघ होते, प्रत्येकात २३ खेळाडू. त्यांतल्या १६ संघांत निदान एक तरी जोडी निघाली. बरोबर निम्मे.

यावर हमखास ऐकू येतं, ‘आमच्या वर्गात साठ मुलं होती, माझ्या तारखेचं कुणीच नव्हतं.’ नसणारच. तुमच्या तारखेला जोडीदार मिळण्याची शक्यता उरलेल्या ५९ जणांत जेमतेम १५ टक्के. ती निम्म्यावर जायला तुमच्याखेरीज २५३ माणसं लागतात. पण कुणातरी दोघांची तारीख जुळणं ही गोष्टच निराळी, आणि मजकुरात या दोन्हींची सरमिसळ आहे.

शिवाय वर्षाच्या सगळ्या तारखा सारख्या वाट्याला येतात हे गृहीतही पूर्ण खरं नाही, आणि वाटणी असमान असली की जुळण्याची शक्यता वाढतेच. आपल्याकडे तर १ जून आहे. जन्माची नोंद नसलेल्या मुलांना शाळेत घालताना गुरुजींनी सर्रास हीच तारीख लिहिली. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला सरकारी कर्मचारी आदल्या दिवशी निवृत्त होतो, म्हणून ३१ मे रोजी कार्यालयांत एकाच वेळी अनेकांचे निरोप समारंभ होतात. त्यांच्या पत्रिका कुणी जुळवत बसत नाही.

पत्रिकेचंच म्हणाल, तर आर. पी. सिंगचा जन्म १९८५ चा, जडेजाचा १९८८ चा, करुणचा १९९१ चा, बुमराहचा १९९३ चा आणि श्रेयसचा १९९४ चा. तारीख एक असल्याने सूर्य सगळ्यांचा जवळपास त्याच जागी. पण गुरू साधारण वर्षाला रास बदलतो, शनी अडीच वर्षांनी आणि चंद्र सव्वादोन दिवसांनी. ज्या चंद्रावरून आपण रास सांगतो, तोच तारखेला बांधलेला नाही.

आता क्रिकेट. २०२३ च्या विश्वचषकात १५ जणांच्या भारतीय संघात जडेजा, बुमराह आणि श्रेयस असे तिघे होते. १५ जणांतून तिघांचे ४५५ गट पडतात, म्हणून एखादं तरी त्रिकूट जुळण्याची शक्यता २९० मध्ये एकाच्या आसपास येते. हे विरळाच आहे, नाकारत नाही. पण त्या स्पर्धेत संघ दहा होते, अशा स्पर्धाही कितीतरी होतात, आणि ज्या संघात काहीच जुळलं नाही त्याबद्दल कुणी मजकूर लिहीत नाही.

राहिले पाच जण. पाचही कसोटी खेळलेले. भारताकडून आजवर ३०० हून थोडे अधिक पुरुष कसोटी खेळले आहेत. एवढ्या माणसांच्या जन्मतारखा ३६५ दिवसांवर आंधळेपणाने टाकल्या, तरी कुठल्या ना कुठल्या तारखेवर पाच किंवा जास्त जण एकत्र येण्याची शक्यता निम्म्याच्या आसपास निघते.