साठा भरपूर होता तरी गॅसचा भाव का भडकला: एक स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार, रिव्ह्यू वाचला. तुम्ही लिहिलंय की नैसर्गिक गॅसच्या बाजारावरच्या आमच्या साप्ताहिक रिपोर्टमध्ये साठा पाच वर्षांच्या सरासरीच्या वर आहे असं वाचून तुम्ही भाव फिक्स केला नाही, मग थंडीची लाट आली आणि स्पॉटला, म्हणजे त्या दिवसाच्या चालू भावाने, कितीतरी महाग गॅस घ्यावा लागला, आणि वर एलएनजी (थंड करून द्रवरूप केलेला गॅस) बाहेर पाठवणारा प्लांट बंद पडला की भाव पडूही शकतो असं छापणाऱ्यांना मागणी पुरवठ्याचं साधं गणितही कळत नाही. नुकसान झाल्यावर राग येणारच, आणि तुमचं नुकसान झालं याचं आम्हाला मनापासून वाईट वाटतं. पण साठ्याबद्दल तुम्ही जे धरून चाललात तेच बरेच खरेदीदार धरून चालतात, म्हणून इथेच सगळ्यांसमोर सविस्तर लिहितोय.

साठ्याचा आकडा एवढंच सांगतो की जमिनीखाली एकूण किती गॅस आहे. उद्या सकाळी त्यातला किती बाहेर निघेल आणि तुमच्या डिलिव्हरी पॉइंटपर्यंत किती पोचेल हे तो सांगत नाही, आणि चार दिवसांचा भाव ठरतो तो यावर. टाकी काठोकाठ भरलेली असली तरी सगळ्यांनी एकदम नळ सोडले की धार बारीक होतेच. बहुतेक साठा उपसून झालेल्या जुन्या गॅस फील्डमध्ये असतो, तिथून गॅस दाबावर बाहेर येतो, जसजसा काढत जाल तसतसा दाब उतरतो आणि दिवसाला निघणारा गॅसही कमी होत जातो, त्यामुळे हिवाळा सरताना कागदावर शिल्लक बरी दिसते पण ती सुरुवातीच्या वेगाने निघत नाही. मिठाच्या थरात केलेल्या पोकळ्यांमधून गॅस झपाट्याने काढता येतो आणि परत भरताही येतो, पण एकूण साठ्यात त्यांचा वाटा लहान. म्हणूनच आम्ही एकूण साठ्याच्या शेजारी रोज जास्तीत जास्त किती काढता येईल याचा वेगळा कॉलम देतो, तुम्ही म्हणताय त्या अंकातही तो होता.

फेब्रुवारी २०२१ आठवून बघा. अमेरिकेतला साठा लाटेआधी सरासरीच्या वरच होता. मग टेक्सास, ओक्लाहोमाकडे कडाका पडला, विहिरींच्या तोंडाशीच पाणी गोठून उत्पादन बंद पडलं, वीज गेली तसे विजेवर चालणारे कॉम्प्रेसरही बंद, म्हणजे गॅस नाही म्हणून वीज नाही आणि वीज नाही म्हणून गॅस नाही. लुइझियानातल्या हेन्री हब या पाइपलाइन जिथे मिळतात त्या ठिकाणचा, अमेरिकेत मापदंड धरला जाणारा स्पॉट भाव महिन्याच्या सुरुवातीला ३ डॉलरच्या आसपास होता तो १७ फेब्रुवारीला २३.८६ डॉलर प्रति एमएमबीटीयू (दहा लाख ब्रिटिश थर्मल युनिट, उष्णतेचं माप) झाला आणि ओक्लाहोमाच्या एका हबवर तर १,००० डॉलरच्या पुढे सौदे झाले. त्या एका आठवड्यात साठ्यातून ३३८ अब्ज घनफूट गॅस काढला गेला. आणि आमच्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही की त्याच दिवसांत मार्चचं फ्युचर्स, म्हणजे मार्चमध्ये मिळायच्या गॅसचा आधीच ठरणारा भाव, साडेतीन डॉलरलाही पोचलं नाही. बाजाराला माहीत होतं की गॅस आहे, थंडी ओसरली की मिळेल, फक्त आज मिळत नाहीये. ज्यांनी त्या महिन्याचा भाव आधीच बांधून ठेवला होता ते बऱ्यापैकी वाचले, जे रोजच्या स्पॉटवर होते ते भरडले गेले.

आता बंद पडलेल्या प्लांटचं. ८ जून २०२२ ला टेक्सासमधल्या फ्रीपोर्ट एलएनजी टर्मिनलला आग लागली, दिवसाला साधारण २ अब्ज घनफूट गॅस द्रवरूप करून बाहेर पाठवणारा प्लांट होता तो. हा गॅस अमेरिकेतच अडकला, साठ्यात जायला लागला, आणि तिथला फ्युचर्सचा भाव ९ डॉलरच्या वर होता तो महिनाअखेर साडेपाचच्या खाली आला. युरोपात मात्र त्याच महिन्यात भाव चढला, कारण तिकडे येणारी जहाजं कमी झाली आणि जूनच्या मध्यावर रशियातून जर्मनीला येणाऱ्या नॉर्ड स्ट्रीम पाइपलाइनचा पुरवठाही क्षमतेच्या ४०% पर्यंत घटला. तेव्हा पुरवठ्यात अडथळा म्हटलं की आधी विचारायचं, अडथळ्याच्या कुठल्या बाजूला आपण उभे आहोत.

उलटंही होतं. ऑगस्ट २०२२ च्या शेवटी युरोपात मापदंड मानला जाणारा नेदरलँड्समधला टीटीएफ भाव ३०० युरो प्रति मेगावॉट तासाच्या वर गेला, आणि ऑक्टोबरमध्ये हवा उबदार राहिली, साठे ९०% च्या पुढे भरलेले, स्पेनच्या किनाऱ्याबाहेर एलएनजीची जहाजं रिकामी व्हायची वाट बघत थांबलेली, तेव्हा लगेच पुढच्या तासात द्यायच्या गॅसच्या सौद्यांचा भाव काही वेळ चक्क शून्याखाली गेला. युक्रेनमधलं युद्ध संपलं नव्हतं आणि नॉर्ड स्ट्रीम तर फुटलेलीच होती, फक्त त्या क्षणी आलेला गॅस ठेवायला जागा नव्हती. त्यामुळे मोठी बातमी वाईट आहे म्हणून आज भाव वरच जाणार असं धरू नका, आणि साठा जास्त म्हणून खालीच राहील असंही नाही.

तुमच्या रिव्ह्यूत एक मागणी आहे की आम्ही पुढच्या दोन आठवड्यांचा एकच आकडा द्यावा. तो आम्ही देणार नाही, कारण दहा दिवसांपलीकडचा हवामानाचा अंदाज बदलला की भाव बदलतो आणि एक आकडा वाचून कोणी लाखोंची खरेदी करावी हे आम्हाला पटत नाही. आम्ही रेंज देतो आणि कशामुळे ती तुटेल ते लिहितो. आमचा आग्रह एवढाच आहे की ज्या गॅसशिवाय तुमचं काम थांबतं तेवढ्याचा भाव हिवाळ्याआधी बांधून घ्या, थांबवता येईल असं काम असेल तर उरलेला स्पॉटवर ठेवा.

सबस्क्रिप्शन बंद करायचं असेल तर उरलेल्या महिन्यांचे पैसे परत मिळतील, त्यासाठी एक ईमेल पुरे. आणि चालू ठेवणार असाल तर तुमचा रोजचा सरासरी आणि सगळ्यात जास्त वापर, डिलिव्हरी पॉइंट आणि काँट्रॅक्टमधलं पुरवठा खंडित झाल्यास काय याचं कलम पाठवा, अमेरिकेचा साठ्याचा आकडा गुरुवारी येतो, तो आला की तुमच्या पाइपलाइनपुरतं वेगळं बसून बघू.