बेलपटाचं फूल लाल होतं ते प्रदूषणाने नाही

'खाडीकाठच्या झाडाची पिवळी फुलं संध्याकाळी लाल होतात, पाण्यात रसायन मिसळल्याचा हा पुरावा, हात लावू नका' असा मेसेज फोटोसकट फिरतोय. तो चुकीचा आहे.

फोटोतलं झाड बेलपट, जास्वंदीच्या कुळातलं, कोकणच्या खाड्यांवर मूळचंच. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिलं. फूल एकच दिवस टिकतं: सकाळी लिंबासारखं पिवळं, तळाशी गडद किरमिजी ठिपका, दुपारनंतर पाकळ्यांत अँथोसायनिन हे रंगद्रव्य साचतं, फूल नारिंगी, मग तांबडं होऊन गळतं.

आमच्या परसातलं बेलपट फांदी लावून वाढवलंय, पाणी विहिरीचं. परवा सकाळी एका पिवळ्या फुलाच्या देठाला दोरा बांधला. संध्याकाळी दोऱ्यावरचं तेच फूल विटकरी झालं होतं.

भेंडाच्या झाडाचंही फूल असंच रंग बदलतं, त्यामुळे गोंधळ होतो. पान उलटून बघा: बेलपटाची खालची बाजू पांढुरकी, लवदार, भेंडाचं पान गुळगुळीत.

खाड्या घाण होताहेत हे खरंच, पण त्याचा पुरावा या फुलात नाही. तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.