पावसात ब्रेक ‘ओले’ होतात म्हणे!

जूनची पहिली सर पडली आणि तो मेसेज यंदाही ग्रुपवर आला: पावसात ब्रेकची डिस्क (चाकासोबत फिरणारी तबकडी) ओली झाल्यानं गाडी थांबत नाही, ब्रेक पंप करत, म्हणजे दाबत-सोडत लावा, टायरची हवा थोडी कमी ठेवा, एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर निर्धास्त राहा, पेडल स्पंजी लागलं तर ब्रेक ऑइलमध्ये पावसाचं पाणी शिरलंय.

आधी डिस्क. मुसळधार पावसात हायवेवर बराच वेळ ब्रेकला पायच लावला नसेल तर पहिल्या दाबाला ब्रेक क्षणभर उशिरा धरतो, एवढं खरं. पण डिस्कला दाबणारे पॅड टेकले की चाकाच्या एक-दोन फेऱ्यांत पाणी पुसलं जातं. खरी गडबड टायरखाली असते. ताशी 80 किमी वेगाला, घर्षणांक (टायरला रस्त्याची पकड किती, तो आकडा) 0.8 धरला तर कोरड्या डांबरावर ब्रेक लागल्यापासून गाडी साधारण 31 मीटरमध्ये थांबते. ओल्या रस्त्यावर तो 0.5 धरा, लागतात 50. गाडी तीच, ब्रेक तेच. नवे पॅड टाकून हे 19 मीटर वाचत नाहीत.

ओल्या ब्रेकची भीती घालायचीच होती तर ड्रमची घालायची! आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना मागे ड्रमच, म्हणजे बंद डब्यासारखे ब्रेक असतात. साचलेल्या पाण्यातून गाडी काढली की पाणी आत शिरतं आणि डिस्कवरच्यासारखं झटकन उडून जात नाही. बाहेर आल्यावर मागे कोणी नाही ना बघून, हळू वेगात ब्रेक हलका दाबत थोडं अंतर चालवा. ड्रममधले लायनर (पॅडचं काम इथे तेच करतात) तापून सुकतात.

पंप करणं एबीएस नसलेल्या जुन्या गाड्यांसाठी ठीक. एबीएस असताना पंप करणं म्हणजे त्याच्या कामात पाय घालणं. पेडल थरथरलं तरी दाबूनच धरा. निर्धास्त मात्र राहू नका: एबीएसमुळे स्टिअरिंग हातात राहतं, रस्त्याची पकड वाढत नाही.

हवा कमी करण्याचा सल्ला तर उलटाच. कमी हवेचा टायर पाण्यावर लवकर तरंगतो.

राहिलं स्पंजी पेडल. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, पण हळूहळू, महिनोन्‌महिने. एका सरीत नाही. ताज्या डॉट 4 दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असावा लागतो, 3.7 टक्के पाणी मुरल्यावर ही मर्यादा 155 वर येते. असं जुनं ऑइल घेऊन आंबोली घाट ब्रेकवर पाय ठेवूनच उतरलात, तर ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे होऊन पेडल खाली जाऊ शकतं. मे महिन्यातल्या रखरखीत उन्हातसुद्धा.