गॅस ब्लॉक म्हणजे ‘नुसती दोन स्क्रूंची कडी’? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

गॅस ब्लॉक बसवण्याबद्दल मी लिहिलं होतं. गॅस ब्लॉक म्हणजे रायफलच्या नळीतल्या बारीक छिद्रातून निघणारा गॅस बोल्टकडे (काडतूस आत-बाहेर करणाऱ्या भागाकडे) वळवणारा भाग. त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ही नळीवर सरकवून आवळायची कडी आहे, त्यासाठी बंदूक-कारागीर कशाला, आणि मी वाचकांना उगाच घाबरवतो. शिवाय व्हिएतनाम युद्धात अमेरिकी सैन्याची एम-१६ रायफल अडकायची ती गॅसमुळे नव्हे, सैनिक साफसफाई करत नसत म्हणून.

पहिल्या मुद्द्यातलं निम्मं मला मान्य आहे. ब्लॉकचं छिद्र सहसा नळीच्या छिद्रापेक्षा मोठं ठेवलेलं असतं, त्यामुळे केसभर सरकलं तर काही बिघडत नाही. सांध्यातून थोडा गॅस झिरपला तरी काजळी साचून ती फट बरीचशी बुजते. पण आकडे बघा. एम-४ कार्बाइनच्या नळीतलं ते छिद्र जेमतेम दीड मिलिमीटरचं असतं. गोळी त्याच्यापुढे गेल्यावर नळीच्या तोंडापर्यंत साधारण १८ सेंटिमीटर उरतात आणि ते अंतर ती पाव मिलिसेकंदाच्या आत कापते. नळीत दाब टिकतो तो तेवढाच वेळ. नंतर तो झपाट्याने ओसरतो, म्हणून बोल्ट मागे ढकलण्याचं काम मुख्यतः त्या क्षणात मिळालेल्या गॅसवर चालतं. छिद्र अर्धं झाकलं गेलं तर बोल्ट पुरता मागे येत नाही. रिकामं काडतूस आत अडकतं किंवा पुढचं उचललंच जात नाही. बाहेरून सगळं घट्ट दिसतं आणि माणूस मॅगझिनला दोष देत बसतो. नळी तापल्यावर स्क्रू ढिले होऊ शकतात ते वेगळंच.

आणि हे छिद्र नीट ठरवायला मोठमोठ्यांनाही वेळ लागला. १९३६ साली अमेरिकी सैन्याने एम-१ गॅरँड रायफल स्वीकारली, तेव्हा नळीला भोक नव्हतंच. तोंडाशी बसवलेल्या टोपीत गॅस अडवला जाई. ती टोपी काजळीने भरायची, ढिली व्हायची. १९४० च्या सुमारास ती रचना सोडून नळीलाच भोक पाडलं गेलं. तुम्ही ज्याला कडी म्हणता, त्या जागेसाठी एका अख्ख्या सैन्याने उत्पादन चालू असताना रचना बदलली!

व्हिएतनामबद्दल मात्र मी तुमच्याशी सहमत नाही. साफसफाई कमी होती हे खरं, पण सुरुवातीला बऱ्याच सैनिकांना सफाईचं साहित्यच मिळालं नव्हतं. त्याआधी काडतुसातली पावडर बदलली होती. नव्या बॉल पावडरने (गोल दाण्यांच्या दारूने) गोळीबाराचा वेग वाढला, काजळीही वाढली, आणि चेंबरला (नळीत काडतूस बसतं त्या जागेला) क्रोमचा मुलामा नव्हता. १९६७ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीने या प्रकरणाची चौकशी केली. पावडर बदलली की छिद्रापाशी पोचणारा दाबही बदलतो. म्हणजे गोष्ट पुन्हा गॅसवरच येते, तो मुद्दा बाजूला काढता येत नाही.

‘घरी करू नका’ असं मी सरसकट म्हटलं नव्हतं. छिद्र नेमकं कुठे आहे ते मोजण्याचं साधन नसेल, किंवा तुमच्याकडचा परवाना व कायदा असं काम करू देत नसेल, तर कारागिराकडे जा, इतकंच म्हटलं होतं. नुसत्या डोळ्यांच्या अंदाजावर ब्लॉक बसवणाऱ्यांविषयी माझं मत अजूनही कडकच आहे.

राहिला अॅडजस्टेबल ब्लॉक, म्हणजे स्क्रू फिरवून गॅस नियंत्रित करायचा ब्लॉक. गॅस जास्त येत असेल तर तो कमी करता येतो. मूळ छिद्रच कमी पडत असेल तर त्या स्क्रूने काहीही वाढत नाही. बेल्जियमच्या एफएन एफएएल रायफलला गॅस रेग्युलेटर होता, पण तोही उरलेला गॅस बाहेर सोडूनच काम करायचा.