साभार परत

अमेरिकेच्या नागरिकत्व व स्थलांतर सेवा विभागाकडे, म्हणजे आपण सारे ज्याला यूएससीआयएस म्हणतो त्या खात्याकडे, आपण ग्रीन कार्डासाठी पाठवलेले जाडजूड पाकीट जसेच्या तसे दारात परत आले असेल, तर प्रथम आपले अभिनंदन. मराठी मासिकांचे संपादक नापसंत कथेवर निदान ‘साभार परत’ असे लिहीत. येथे आभार नाहीत; परंतु कागदांच्या वर आय-७९७सी नावाची नोटीस आहे आणि अर्ज का स्वीकारला नाही, हे तीत थोडक्यात सांगितलेले आहे: सही नाही, किंवा जी आहे ती चालत नाही. हे वाक्य लगेच वाचून समजून घेण्याची घाई करू नये. तत्पूर्वी करण्यासारखे पुष्कळ आहे.

सर्वांत आधी दोषी व्यक्ती शोधावी. वकील सोयीचा असतो, कारण त्याला आपण पैसे दिलेले असतात. जोडीदार त्याहून सोयीचा, कारण तो शेजारच्याच खोलीत असतो. स्वतःकडे संशयाची सुई वळू लागली, तर आपण किती काटेकोर आहोत याची उजळणी करावी. मागील पाच वर्षांतील प्रत्येक पत्ता आपण महिन्यांसह लिहिला. जन्मदाखल्यावर नाव नव्हते म्हणून गावाकडच्या दोन वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे मिळवली. आपण कधी नरसंहारात भाग घेतला आहे काय, या प्रश्नावर क्षणभर विचार करून मगच ‘नाही’च्या चौकोनात खूण केली. इतके सगळे केल्यावर, हे सारे मीच सांगतो आहे आणि ते खरे आहे, असे म्हणणारी एक रेघ तेवढी कोरी राहिली, तर तीत माणसाचा दोष तो काय? (त्या रेघेच्या वरचा मजकूर खोट्या साक्षीच्या शिक्षेविषयी आहे, तो आपण वाचला नाही हे उत्तमच, नाही तर रात्रभर झोप लागली नसती.)

मग नातेवाइकांना कळवावे. येथे शब्दांची निवड महत्त्वाची आहे. खात्याच्या भाषेत ‘रिजेक्ट’ आणि ‘डिनाय’ हे दोन वेगळे प्रकार आहेत. डिनाय म्हणजे अर्ज आत घेऊन, तपासून मग फेटाळला; रिजेक्ट म्हणजे तो उंबऱ्यावरूनच परत फिरवला. आपला अर्ज फेटाळलेला नाही, हे अभिमानाने सांगता येते, कारण कायद्याच्या दृष्टीने तो कधी पोचलाच नव्हता. अशा परत पाठवणीवर अपीलही करता येत नाही. तरीही पंधरा पानी अपील लिहायला बसावे. शनिवार-रविवार चांगला जातो.

अर्ज पोचलाच नव्हता, या गोष्टीचा दुसरा अर्थ असा की अर्ज दाखल झाल्याची त्या दिवसाची तारीखही आपल्याला मिळत नाही. हे मात्र अजिबात मनावर घेऊ नये. कुरियरची पावती देवघरात ठेवावी आणि तीवरची तारीख हीच आपली तारीख, असा दृढ विश्वास बाळगावा. व्हिसा बुलेटिन नावाचे जे मासिक पंचांग अमेरिकेचे परराष्ट्र खाते काढते, ते बघून कोणत्या महिन्यात आपली प्रायॉरिटी डेट, म्हणजे ग्रीन कार्डाच्या रांगेतील आपल्या जागेची तारीख, करंट होते, म्हणजे तिची पाळी येते, याचा मुहूर्त भारतीय लोक वर्षानुवर्षे काढत असतात. ऑक्टोबर २०२० च्या बुलेटिनमध्ये भारतीयांसाठी ईबी-३ या नोकरीवर आधारित गटातील अर्ज दाखल करण्याची तारीख एकदम १ जानेवारी २०१५ पर्यंत पुढे आली, घरोघरी प्रिंटर तापले, आणि पुढे ती तारीख पुन्हा मागेही गेली. असा मुहूर्त चालू असताना पाकीट परत आले आणि दुसरे पोचेपर्यंत रेट्रोग्रेशन झाले, म्हणजे तारखा मागे सरकल्या, तर बोहल्यावर चढून सदरा बदलायला घरी गेलेल्या नवरदेवासारखी आपली अवस्था होते. घरात विशीतले मूल असेल, तर कायद्याने ते आणखी किती दिवस ‘मूल’ राहणार आहे, हा हिशेबही त्याच आठवड्यात मांडायला घ्यावा. आधी मांडला असता तर उगाच सावधपणा आला असता.

आता प्रत्यक्ष सहीकडे वळू. स्वतःच्या हाताने पेन धरण्याचा कमीपणा टाळण्यासाठी अनेक पर्याय सुचतील आणि ते सगळे करून पाहण्यासारखे आहेत. नाव सुबक अक्षरात टंकलिखित करावे: चालत नाही. रबरी शिक्का उठवावा: तोही चालत नाही. पत्राखाली ‘मोर्तब सुद’ उमटले की ज्यांच्या पूर्वजांचा कारभार हलत असे, त्यांना हा नियम जिव्हारी लागणे साहजिक आहे. वकिलाने आपल्या वतीने सही करावी, तर तेही नामंजूर. दोघांचा संसार एक, बँकेचे खाते एक, तेव्हा जोडीदाराने आपली सही ठोकली तर बिघडले कुठे, असा प्रश्न पडत असल्यास तो खात्याला जरूर विचारावा. हाताने केलेल्या मूळ सहीची स्कॅन किंवा झेरॉक्स प्रत मात्र चालते. ही सवलत मार्च २०२० मध्ये कोविडमुळे मिळाली आणि जुलै २०२२ मध्ये कायम झाली. तिचा अर्थ मूळ सही केलेला कागद जपून ठेवावा असा आहे. आपण तो जुन्या गृहकर्जाच्या कागदावरची सही कापून चिकटवावी असा घ्यावा.

गंमत म्हणजे खाते सहीच्या रूपाबाबत विलक्षण उदार आहे. ती वाचता आली पाहिजे असे नाही, इंग्रजीत असली पाहिजे असेही नाही. आपण एरवी देवनागरीत सही करत असाल, तर तीच करावी. ज्याला लिहिता येत नाही त्याची फुली चालते, अंगठाही चालतो. म्हणजे गावच्या अंगठेबहाद्दराचे पाकीट आत जाते आणि दहावीपासून वहीच्या मागच्या पानांवर वळणदार सहीचा सराव केलेल्या, सहीखाली दोन टिंबे देणाऱ्या द्विपदवीधराचे पाकीट परत येते. यातून शिक्षणाविषयी काही निष्कर्ष काढू नयेत. चौदा वर्षांखालील मुलांसाठी आई किंवा वडील सही करू शकतात. पंधरा वर्षांच्या मुलासाठी मात्र ती त्यालाच करावी लागते, आणि त्याला खोलीबाहेर बोलावून पेन हातात देणे हे काम किती दिवसांचे आहे, हे पालकांना सांगायला नको.

काही जण म्हणतील, असेच पुन्हा पाठवा, यावेळी कुणाच्या लक्षात येणार नाही. हा सल्ला जरूर मानावा. परत आलेल्या अर्जाबरोबर शुल्कही परत येते. परंतु सदोष सहीचा अर्ज नजरचुकीने आत घेतला गेला आणि दोष नंतर सापडला, तर तो फेटाळला जाऊ शकतो आणि आय-४८५ चे, म्हणजे ग्रीन कार्डाच्या अर्जाचे, प्रौढ अर्जदाराला पडणारे १,४४० डॉलर आपण राष्ट्राला अर्पण केले असे समाधान मिळते. फॉर्मच्या तळाशी छापलेली आवृत्तीची तारीखही तपासू नये. मधल्या काळात नवी आवृत्ती सक्तीची झाली असेल, तर पुढच्या नोटिशीत निदान कारण तरी नवे असेल.

एवढे सगळे करून झाल्यावर, आणि अन्य कोणताही मार्ग उरला नाही याची खात्री पटल्यावर, काळ्या शाईचे पेन घ्यावे व सही करावी. एकदा अद्दल घडलेली असल्यामुळे आता कंजुषी करू नये. अर्जदाराच्या रेघेवर करावी, दुभाष्याच्या रेघेवर करावी, अर्ज तयार करून देणाऱ्याच्या रेघेवरही करावी. शेवटाकडे आणखी एक कोरी रेघ दिसेल. ती मुलाखतीच्या दिवशी, अधिकाऱ्याने सांगितल्यावर, त्याच्यासमोर भरायची असते आणि तोपर्यंत कोरी ठेवावी असे तेथेच छापलेले आहे. परंतु कोरी रेघ ठेवल्याचे परिणाम आपण नुकतेच भोगले आहेत. तेव्हा तेथे जरा मोठीच करावी, दोन टिंबांसकट.