‘पोटातून जोर लावा, ग्राउल आपोआप येईल’: नाही येत, घसा मात्र जातो

ग्वाल्हेरच्या मराठी घरांतल्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक फॉरवर्ड फिरतोय. सूर काळजीचा आहे. म्हणणं थोडक्यात असं: हेवी मेटलमधलं ग्राउल, म्हणजे ते खरखरीत, गुरगुरतं गाणं, म्हणजे स्वरतंतू फाडणं. खर्ज, म्हणजे खालचा भारदस्त सूर, नसलेल्याने त्या वाटेला जाऊच नये. ग्वाल्हेर घराण्याच्या हस्सूखाँसारख्या ख्यालगायकांची तान घेताना बरगडी मोडली, तिथे आपल्या पोरांचं काय? ख्यालाचा गळा यात कायमचा जातो. आणि तरीही हट्टच असेल तर छाती काठोकाठ भरून श्वास घ्या, पोटातून सगळा जोर लावा आणि नंतर मध-ज्येष्ठमध घ्या. यातला भीती घालणारा भाग बराचसा चुकीचा आहे. सल्ला देणारा भाग त्याहून वाईट, कारण घसा बिघडतो तो नेमका त्या सल्ल्याने.

‘ग्राउल म्हणजे स्वरतंतू फाडणं’

स्वरयंत्रात पट्ट्यांच्या दोन जोड्या असतात. खालची जोडी खऱ्या स्वरतंतूंची. बोलणं, गाणं, गुणगुणणं सगळं तिथे घडतं. तिच्या जरा वर दुसरी जोडी असते, जाडसर, मऊ आणि ओलसर. तिला खोटे स्वरतंतू म्हणतात. एरवी त्या गप्प असतात. घास गिळताना आणि जड बादली उचलताना मिटतात, बस. ग्राउलचा खरखरीतपणा मुख्यतः या वरच्या जोडीतून आणि तिच्या आसपासच्या मऊ घड्यांतून येतो. नेमकं काय किती हलतं हे गायकागणिक बदलतं. मंगोलियाशेजारच्या तुवा प्रांतात कंठगायनाचा कार्गिरा नावाचा प्रकार आहे. त्यात खोटे स्वरतंतू खऱ्यांच्या निम्म्या वेगाने हलतात, म्हणून स्वर एक सप्तक खाली उतरल्यासारखा वाटतो. ग्राउलमध्ये ही थरथर अनियमित असते, त्यामुळे ठाम सूर ऐकू येत नाही.

याचा अर्थ इजा होतच नाही असा नाही. खरे तंतू आवळून त्यांच्यातून हवा रेटली की सूज येते, पुढे गाठी होतात, क्वचित रक्तस्रावही होतो. पण ते ग्राउलचं वैशिष्ट्य नव्हे. 24 फेब्रुवारी 2010 ला रूपसिंह स्टेडियमवर सचिनच्या दोनशेला जो बेंबीच्या देठापासून ओरडला, त्याने नीट शिकलेल्या ग्राउलरपेक्षा जास्त जोखीम घेतली होती.

‘छाती काठोकाठ भरा, पोटातून जोर लावा’

इथे थांबायला हवं. हा सल्ला फॉरवर्डपुरता नाही, जॅमरूममध्ये, म्हणजे बँडच्या सरावाच्या खोलीतही, सर्रास दिला जातो.

आधी ‘पोटातून’चं बघू. श्वासपटल (डायफ्रॅम) हा श्वास आत घेण्याचा स्नायू आहे. बाहेर सोडताना तो सैल होत वर सरकतो, ढकलत नाही. ढकलतात ते पोटाच्या भिंतीचे स्नायू. ते एकदम कडक केले की शरीराला वाटतं, आता वजन उचलायचंय, आणि खरे-खोटे दोन्ही तंतू घट्ट मिटतात. म्हणजे जितका जोर जास्त, तितकं वरचं दार बंद. त्या बंद दारातून हवा घुसवली की खवखव, खोकला आणि पाच मिनिटांत बसलेला आवाज. ग्राउलला त्या मिटण्याची फक्त सुरुवात हवी असते, तीही हवा वाहती ठेवून.

आता ‘काठोकाठ’. साध्या श्वासात आपण सुमारे अर्धा लिटर हवा घेतो, पूर्ण ताणून घेतली तर मोठ्या माणसाला तीन ते पाच लिटर. फुफ्फुसं ताणलेल्या रबरासारखी असतात. पूर्ण भरली की ती आपणहून आकसू बघतात आणि पहिल्याच अक्षराला नको इतका दाब देतात. तो दाब अडवायला नवशिक्या घसा आवळतो. म्हणून तीन चतुर्थांश भरा, त्याहून जास्त नको.

दमसास तपासायला महागडं काही लागत नाही. पाण्याचा उंच ग्लास आणि एक स्ट्रॉ घ्या. स्ट्रॉच्या टोकापासून 5 सेंटीमीटरवर पेनाने खूण करा आणि खुणेपर्यंत ती पाण्यात बुडवा. आता अगदी सावकाश, एकसारखे बुडबुडे काढा. बुडबुडे थांबले तर तुमचा दाब 5 सेंटीमीटर उंच पाण्याच्या दाबाहून कमी झाला. पाणी ग्लासाबाहेर उडालं तर तुम्ही रेटताय. साध्या बोलण्याला साधारण एवढाच, फार तर दुप्पट दाब लागतो. आधी 5 सेकंद जमवा, मग 15. त्यानंतर तसेच बुडबुडे काढत ‘ऊ’ गुणगुणा. गाल सैल फुगले पाहिजेत, मान शांत हवी.

दुसरा सराव कोरडा. अंगठे मागे, बोटं पुढे, असे दोन्ही हात खालच्या बरगड्यांवर ठेवा. तोंडाने, आवाज न करता, दोन मात्रांत श्वास घ्या. बरगड्या बाजूला रुंदावतात का बघा. खांदे वर गेले तर पुन्हा. मग ‘स्स्स’ करत 20 सेकंद हवा सोडा आणि पहिली दहा सेकंद बरगड्या कोसळू देऊ नका. ‘स्स्स’ मध्येच जाड-बारीक झाला तर तिथे नियंत्रण सुटलं.

आणि एक चूक जी कोणी सांगत नाही. ग्राउलर बरेचदा दम लागला म्हणून थांबतो, तेव्हा त्याची फुफ्फुसं रिकामी नसतात, भरलेली असतात. ओळ संपल्यावर उरलेली शिळी हवा न सोडता वरून नवी भरत गेलं की असं होतं. 180 च्या टेम्पोला (मिनिटाला 180 मात्रा) दोन मात्रा म्हणजे सेकंदाचा दोन तृतीयांश भाग. तेवढ्यात सोडणं आणि घेणं दोन्ही बसवायचं, तर श्वासाच्या जागा शब्दांवर पेन्सिलीने आधीच मारून ठेवायला हव्यात. ख्यालात समेवर येताना दम कुठे घ्यायचा हे ठरवतातच की.

मग ग्राउल निघतं कसं?

चष्म्याच्या काचेवर वाफ धरायला जसा ‘हाऽ’ सोडतो, तसा श्वास सोडा. घसा उघडा, गरम हवा, आवाज नाही. तोच श्वास चालू ठेवून, घसा खाकरण्याच्या अगदी अलीकडे थांबल्यासारखं हलकं आवळा. एक ओलसर घरघर येईल, दुपारी आडव्या झालेल्या आजोबांच्या घोरण्यासारखी. तिला खोकला होऊ देऊ नका. दोन सेकंद, बोलण्याच्या आवाजात, पाच वेळा. मग विश्रांती. पहिले दोन आठवडे दिवसात एकूण दहा मिनिटं, तीही दोन वेळांत वाटून. हनुवटी पुढे आली किंवा मानेच्या शिरा फुगल्या तर आरशात दिसतं. दिसलं की सोडून द्या.

घरघर पाच सेकंद टिकली की तोंडाचा आकार बदला. ओठ गोल करून ‘ओ’, ‘ऊ’ केलं की आवाज खोल वाटतो, ‘ए’, ‘ई’ला तो पातळ, धारदार होतो. शब्द मग. ‘घर’, ‘गड’, ‘ओझं’ असे आधी, कारण ‘ग’, ‘घ’, ‘झ’ अशी घोष व्यंजनं हवा फारशी उधळत नाहीत. ‘ख’, ‘फ’ने सुरू होणारे शब्द हवा उधळतात, ते शेवटी. श्वास आत ओढत ग्राउल काढणारेही आहेत. त्याने घसा कोरडा पडतो आणि ताबा राहत नाही. नकोच.

‘ग्राउल म्हणजे खर्ज’

नाही. खर्जसाधनेत खरे तंतू सैल, लांब श्वासावर हळू हलतात आणि सूर नेमका असतो. ग्राउलची खोली सुराची नसून घशाच्या नि तोंडाच्या पोकळीची आहे, म्हणून बारीक आवाजाच्या मुलीही भयानक ग्राउल करतात. युक्रेनच्या जिंजर बँडची तातियाना श्माइल्युक ऐका. आणि ग्वाल्हेर घराण्याच्या अष्टांग गायकीतली गमक म्हणजे ‘आपलं देशी ग्राउल’ असं कोणी म्हणालं तर त्यालाही थांबवा. गमकेत सूर हलतो, ग्राउलमध्ये सूर विरतो.

‘हस्सूखाँची बरगडी मोडली’

ग्वाल्हेरात वाढलेल्या प्रत्येकाने ही कथा ऐकलेली असते: समोर प्रतिस्पर्धी गायक बडे मोहम्मद खाँ, भर मैफल, हस्सूखाँची एक भारी तान, आणि त्यांच्या तोंडातून रक्त. तपशील सांगणाऱ्यागणिक बदलतात, दंतकथेचं ते लक्षणच. पण ती जशीच्या तशी खरी मानली तरी तीत ग्राउल कुठे आहे? दम संपल्यावरही ईर्ष्येपायी रेटून घेतलेल्या तानेची ती कथा आहे. ‘सगळा जोर लावा’ म्हणणाऱ्या फॉरवर्डने ती पुरावा म्हणून द्यावी, याला काय म्हणावं?

‘मध, ज्येष्ठमध घ्या, गळा तयार’

ग्वाल्हेरच्या हजिरा भागात तानसेनच्या समाधीपाशी, गळा गोड व्हावा म्हणून चिंचेची पानं चघळणारे आजही भेटतात. श्रद्धा म्हणून चघळा. पण गिळलेली कुठलीही गोष्ट स्वरतंतूंना लागत नाही. ती अन्ननलिकेत जाते आणि त्या वेळी स्वरयंत्रावर झाकण पडलेलं असतं. मधाने घशाची मागची भिंत निवते, एवढंच. तंतू ओले राहतात ते दिवसभर प्यायलेल्या पाण्याने, म्हणून संध्याकाळच्या गिगचं (कार्यक्रमाचं) पाणी सकाळपासून प्यायचं. मे महिन्यातल्या लूमध्ये, त्या गरम वाऱ्यात, तर दुप्पट लक्ष द्या. थेट पोचते ती फक्त वाफ.

घसा सुन्न करणाऱ्या गोळ्या मात्र सरावाआधी कधीच नकोत. दुखणं हीच तुमची सूचना, ती बंद करून काय मिळवणार? ॲस्पिरिनने रक्त लवकर गोठत नाही, आणि ताणलेल्या तंतूत रक्तस्रावाचा धोका त्याने वाढतो. आवाज बसल्यावर कुजबुजत बोलणं ही विश्रांती नव्हे, जोर लावून कुजबुजलं तर ताण उलट वाढतो. गप्प बसा.

‘ख्यालाचा गळा कायमचा जातो’

इथे फॉरवर्डला अर्धा गुण देऊ. 1918 पासून माधव संगीत महाविद्यालय चालवणाऱ्या या गावात पालकांना असं वाटणं स्वाभाविक आहे, आणि बेशिस्तीने केलं तर गळा जाऊही शकतो. पण ‘कायमचा’ आणि ‘नक्की’ हे दोन्ही शब्द चूक. स्वीडनच्या ओपेथ या मेटल बँडचा मिकाएल ऑकरफेल्ड एकाच गाण्यात ग्राउल आणि मऊ, सुरेल गाणं दोन्ही करत आलाय. शिकणाऱ्याने क्रम पाळावा: ख्यालाचा रियाज आधी, ग्राउल नंतर, आणि शेवटी स्ट्रॉमधून दोन मिनिटं हलक्या मींडा.

खात्री करायची सोपी कसोटी आहे. सरावाआधी अगदी हळू आवाजात तार सा (वरच्या सप्तकातला सा) लावा, तुटक, ‘सा-सा-सा’. सरावानंतर पुन्हा तसाच. मोठ्याने गायलं तर सूज लपते, हळू आवाजात लपत नाही. तार सा हवेने फाटला किंवा उशिरा लागला तर तंतूंना सूज आहे. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी ग्राउल बंद.

‘ग्राउल जितकं मोठ्याने, तितकं भारी’

रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येणारा राक्षस बऱ्याचदा वाटतो त्याहून कितीतरी हळू आवाजात गायलेला असतो. बाकी काम माईक आणि आवाजातले चढउतार कमी करणारा कंप्रेसर करतात. माईक ओठांपासून दोन-तीन बोटांवर धरा, जवळ आणल्यावर तळ (बेस) आपोआप वाढतो. जाळी मुठीत गुंडाळू नका. माईक मग चहूबाजूंनी आवाज ओढतो, मॉनिटर (गायकाकडे तोंड केलेला स्पीकर) शिट्टी मारतो, शब्द चिखल होतात. स्वतःचा आवाज मॉनिटरमध्ये येत नसेल तर घशाने भरून काढू नका, ड्रमरच्या नाकावर टिच्चून साउंडवाल्याला हात करा.

आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जाऊन दुर्बिणीने स्वरतंतू बघून घ्या. नुसत्या टॉर्चने ते दिसत नाहीत. गाता गाता आवाज एकदम गेला किंवा थुंकीत रक्त दिसलं, तर त्याच दिवशी जा, आणि पोचेपर्यंत तोंड बंद ठेवा.